लीगची वही



कोल्हापुरात फुटबॉलचा मोसम संपत आला की शाहू स्टेडियमच्या बाहेर एक वेगळाच वर्ग भरतो. हा वर्ग गणिताचा! मास्तर नाहीत, फळा नाही, पण चहाच्या गाड्यापाशी उभी असलेली मुलं फटाफट बेरजा-वजाबाक्या करत असतात. ‘पाटाकडीलनं उद्या बरोबरी केली तर?’ ‘शिवाजी मंडळ दोन गोलनं जिंकलं तर?’ ‘आणि खंडोबा हरलं, तर मग दिलबहार वर जातंय की!’ शाळेत वजाबाकीत हातचा विसरणारी मुलंही इथं गोलफरकाचं गणित तोंडी सोडवतात. पेठेची ईर्ष्या असली की गणित आपोआप येतं म्हणायचं!

या मुलांना सगळे खेळाडू तोंडपाठ असतात. पण एक माणूस सहसा कुणालाच ठाऊक नसतो. कोणता सामना कधी, कुणाला किती गुण, दोघांचे गुण सारखे झाले तर वर कोण, हे सगळं ज्याच्या वहीत असतं तो. आज आपण त्याच्याविषयी बोलणार आहोत. आणि नुसतं बोलून थांबायचं नाही बरं का! ती वही तुमच्याच हातात कशी येईल, तेही पाहायचं आहे.

आधी लीग म्हणजे काय ते नीट पाहू. मराठीत आपण तिला साखळी स्पर्धा म्हणतो. दुसरी पद्धत असते बाद पद्धत. तिच्यात हरलात की घरी. समजा १६ संघ आहेत. बाद पद्धतीत एकूण किती सामने होतील? कागद-पेन्सिल शोधू नका. प्रत्येक सामन्यात एक संघ घरी जातो. शेवटी एकच उरायला हवा, म्हणजे १५ संघ घरी जायला हवेत. म्हणून सामने १५! आता तेच १६ संघ साखळीत प्रत्येकाशी एकेकदा खेळले तर? प्रत्येकाला १५ प्रतिस्पर्धी, म्हणून १६ गुणिले १५, आणि एका सामन्यात दोन संघ असतात म्हणून भागिले दोन. झाले १२०. मैदान एकच असेल आणि दिवसाला दोन सामने होत असतील, तर ६० दिवस लागले. त्यात दहावी-बारावीच्या परीक्षा आल्या, सणवार आले, आणि जूनमध्ये कोल्हापूरचा पाऊस तर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. म्हणजे वहीवाल्याचं पहिलं काम खेळ सुरू व्हायच्या कितीतरी आधी, कॅलेंडर पुढ्यात घेऊनच सुरू होतं.

हे वेळापत्रक म्हणजे कारकुनी काम, असं समजू नका. १९८२ सालच्या फुटबॉल विश्वचषकात काय झालं ते ऐका. स्पेनमध्ये स्पर्धा होती. अल्जीरिया हा तेव्हा कुणाच्या खिजगणतीत नसलेला संघ. त्यानं पहिल्याच सामन्यात बलाढ्य पश्चिम जर्मनीला २-१ असं हरवलं! पुढे अल्जीरियाचे गटातले सगळे सामने २४ जूनला संपले. जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांचा शेवटचा सामना होता दुसऱ्या दिवशी, २५ जूनला. त्यामुळे मैदानात उतरण्यापूर्वीच दोघांना हिशेब ठाऊक होता : जर्मनी एक किंवा दोन गोलनं जिंकली, तर दोघेही पुढे जातात आणि अल्जीरिया बाहेर. दहाव्या मिनिटाच्या सुमारास जर्मनीनं गोल केला. नंतर दोन्ही संघ उरलेला सगळा वेळ चेंडू इकडून तिकडे ढकलत बसले. प्रेक्षक ओरडत होते, कुणी रुमाल फडकावून निषेध करत होतं. सामना १-० असा संपला आणि अल्जीरियाची मुलं घरी गेली. नियम कुणीच मोडला नव्हता! चूक होती ती वेळापत्रकाची. १९८६पासून विश्वचषकात गटातले शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू होतात, ते त्यामुळेच.

गुणांचंही तसंच. आज जिंकणाऱ्याला ३ गुण मिळतात आणि बरोबरीला १. पण पूर्वी जिंकल्यावर २ गुण मिळायचे. इंग्लंडच्या लीगनं १९८१ साली ३ गुण सुरू केले. विश्वचषकात ते १९९४ साली आले. एका गुणानं असा काय फरक पडतो? बघा, एका संघानं दोन सामन्यांत दोन बरोबरी केल्या, दुसऱ्यानं एक जिंकला आणि एक हरला. जुन्या नियमानं दोघांचेही गुण २. नव्या नियमानं पहिल्याचे २, दुसऱ्याचे ३! म्हणजे ‘हरायचं नाही’ एवढंच ठरवून खेळणाऱ्याचा तोटा आणि जिंकायला धडपडणाऱ्याचा फायदा. खेळाडू तेच, चेंडू तोच; वहीतला एक आकडा बदलला आणि खेळ बदलला.

हे सगळं खऱ्या अर्थानं कळायचं, तर एक लीग स्वतः चालवून बघावी. फुटबॉलला मैदान लागतं, अकरा-अकरा गडी लागतात, पंच लागतो. पण एक खेळ असा आहे, की ज्याची लीग शाळेतली आठ-दहा मुलं सहज चालवू शकतील. त्याचं नाव ओरिएंटियरिंग. नाव जरा दाताखाली येतं खरं! सोप्या भाषेत सांगायचं तर नकाशा वाचत धावण्याची शर्यत. हा जन्मला उत्तर युरोपात, नॉर्वे-स्वीडनच्या जंगलांत. आधी ते सैनिकांचं शिक्षण होतं. सामान्य लोकांसाठी पहिली शर्यत १८९७ साली नॉर्वेत झाली, आणि पुढे स्वीडनमध्ये एर्न्स्ट किलँडर नावाच्या स्काउटच्या पुढाऱ्यानं पहिल्या महायुद्धानंतर पोरांना त्याचं वेड लावलं. १९६१ साली त्याची आंतरराष्ट्रीय संघटना झाली आणि १९६६ साली फिनलंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा भरली. आपल्याकडे हा खेळ मुख्यतः सैन्यदलातच खेळला जातो. तुमचा कुणी दादा किंवा ताई एन.सी.सी.त असेल तर विचारा. नकाशा-वाचन त्यांना शिकवतात, म्हणजे निम्मा खेळ त्यांना येतोच.

खेळ असा. हातात नकाशा आणि होकायंत्र. नकाशावर एक त्रिकोण असतो, तिथून सुटायचं. मग १, २, ३ असे आकडे घातलेली वर्तुळं. प्रत्येक वर्तुळाच्या मध्यावर, खऱ्या जमिनीवर, पांढरा-नारिंगी रंगाचा एक झेंडा टांगलेला असतो. त्याला कंट्रोल म्हणतात. आपण ठाणं म्हणू. सगळी ठाणी क्रमानं गाठायची, प्रत्येक ठाण्याची खूण आपल्या कार्डावर घ्यायची आणि दुहेरी वर्तुळाशी म्हणजे शेवटाला पोचायचं. कोणत्या वाटेनं जायचं ते तुमचं तुम्ही ठरवायचं. मधे टेकडी असेल तर चढून जायचं की वळसा घालायचा? इथंच डोकं लागतं. सगळे एकदम सुटत नाहीत. दोन-दोन मिनिटांच्या अंतरानं एकेकाला सोडतात, नाहीतर पुढच्याच्या मागं मेंढरासारखे सगळे पळतील! जो कमीत कमी वेळात आला तो पहिला. एक जरी ठाणं चुकलं, तरी त्या फेरीत बाद.

आपल्या कोल्हापूरला तर या खेळासाठी देवानं जागा करून ठेवल्यात असं वाटतं. पहिली फेरी टाऊन हॉलच्या बागेत घ्या. लहानशी, चहूबाजूंनी बंद, कुणी हरवायची भीती नाही. दुसरी रंकाळ्याकाठच्या बागेत. तिसरी टेंबलाईच्या टेकडीवर, म्हणजे समोच्च रेषा नुसत्या भूगोलाच्या पुस्तकात न राहता पायांच्या पोटऱ्यांनाही कळतील. आणि चौथी, शेवटची, पन्हाळ्यावर. अर्थात वेळापत्रक करताना ललितापंचमी बघून घ्या. त्या दिवशी टेंबलाईवर अंबाबाईची पालखी येते आणि मुंगी शिरायला जागा नसते. पावसाळ्यातला पन्हाळाही नको. तिथलं धुकं फोटोत फार सुंदर दिसतं, पण त्यात हातभर अंतरावरचा माणूस दिसत नाही. दिवाळीनंतर सुरुवात करा आणि वार्षिक परीक्षेच्या आत मोसम संपवा. महिन्याला एक फेरी पुरे.

नकाशा कुठून आणायचा? भारतीय सर्वेक्षण विभागाचे नकाशे उत्तम असतात, पण त्यांतला नेहमीचा नकाशा १ : ५०,००० प्रमाणाचा. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. त्यात अख्खा रंकाळा तुमच्या अंगठ्याखाली झाकला जाईल! या खेळाला १ : १०,००० किंवा त्याहून मोठं प्रमाण लागतं. बागेसाठी तर १ : ४,००० बरं, म्हणजे एक सेंटिमीटरला ४० मीटर. असा नकाशा तुम्हीच काढायचा. शंभर मीटर दोरीनं मोजा, त्यात आपली किती पावलं बसतात ते पाठ करा आणि मग वही घेऊन बागभर हिंडा. झाड, कारंजं, बाक, पायऱ्या, सगळं टिपा. एका रविवारात होत नाही. दोन लागतात. पण ज्यानं नकाशा काढला त्याला ती बाग जन्मभर विसरता येत नाही.

झेंडे जाड पुठ्ठ्याचे करा आणि ते सुतळीनं बांधा. झाडाला खिळा ठोकायचा नाही. प्रत्येक झेंड्यावर एक अक्षर लिहा, खेळाडूनं ते कार्डावर उतरवून आणायचं. मात्र अक्षरं ओळीनं लावून अर्थपूर्ण शब्द होणार नाही असं बघा. पहिल्या तीन ठाण्यांवर ‘अं’, ‘बा’, ‘बा’ आलं, की चौथ्या ठाण्यावर ‘ई’ असणार हे ओळखून हुशार मंडळी तिकडे न फिरकताच घरी येतात!

आता वही उघडू या. चार फेऱ्या झाल्या, वेळा नोंदल्या. विजेता कोण? इथं खरी गंमत आहे. आपल्या लीगमध्ये तीन खेळाडू आहेत असं धरू : ससा, कासव आणि मुंगी. (कासवाला नेहमीच शहाणं आणि सशाला नेहमीच झोपाळू का दाखवतात कोण जाणे. इथं तसं काही नाही.)

पहिल्या फेरीत सशाला लागली ३६ मिनिटं, मुंगीला ४५ आणि कासवाला ४८. दुसरीत ससा २८, मुंगी ३५, कासव ४०. तिसरीत ससा २४, मुंगी ३०, कासव ३२. चौथ्या फेरीत सशाचं एक ठाणं चुकलं, तो बाद. कासव ३० मिनिटांत आलं. मुंगी भलत्याच पायवाटेला लागली, तिला ६० मिनिटं झाली.

पहिली पद्धत क्रमांकाची. पहिल्याला १०, दुसऱ्याला ८, तिसऱ्याला ६ आणि बाद झालेल्याला शून्य. सशाचे तीनदा १०, म्हणजे ३०. कासवाचे ६, ६, ६ आणि १०, म्हणजे २८. मुंगीचे चारही वेळा ८, म्हणजे ३२. मुंगी अजिंक्य! एकही फेरी न जिंकता!

कासव म्हणेल, हे काय बरोबर नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत मुंगी माझ्यापुढं होती दोन, तीन, पाच मिनिटांनी, आणि चौथीत मी तिच्यापुढं होतो तब्बल तीस मिनिटांनी. त्याला काही किंमत नाही का? आहे ना. म्हणून दुसरी पद्धत वेळेची. विजेत्याची वेळ भागिले तुमची वेळ, गुणिले शंभर. पहिल्या फेरीत सशाला १००, मुंगीला ३६ भागिले ४५ म्हणजे ८०, आणि कासवाला ३६ भागिले ४८ म्हणजे ७५. असं करत गेलात तर मुंगीचे ८०, ८०, ८० आणि ५०, म्हणजे २९०. सशाचे ३००. कासवाचे ७५, ७०, ७५ आणि १००, म्हणजे ३२०. कासव अजिंक्य!

आता ससा रुसला. तीन फेऱ्या मी जिंकल्या, एका चुकीनं सगळं गेलं? आणि समजा मी आजारी पडलो असतो तर? त्याचंही म्हणणं खोटं नाही. म्हणून तिसरी पद्धत : चारपैकी उत्तम तीन फेऱ्याच धरायच्या, वाईट एक सोडून द्यायची. सशाचे ३००, कासवाचे २५०, मुंगीचे २४०. ससा अजिंक्य!

बघितलंत? वेळा त्याच. कुणी एक पाऊल जास्त धावलं नाही की कमी धावलं नाही. तीन पद्धती आणि तीन वेगवेगळे विजेते! आता मला सांगा, चार फेऱ्या संपल्यावर जर वहीवाला म्हणाला, ‘गुण कसे मोजायचे ते आता ठरवू,’ तर काय होईल? तो कितीही सरळ असला, तरी त्यानं कुठलीही पद्धत निवडली की दोघांना वाटणारच, हा त्याच्या बाजूचा आहे. आणि वहीवाला सशाचा आत्येभाऊ असला तर विचारूच नका. म्हणून पद्धत पहिल्या फेरीच्या आधी ठरवायची, लिहायची आणि शाळेच्या फलकावर लावायची. तेव्हा ससा कोण आणि मुंगी कोण हे कुणालाच ठाऊक नसतं.

हे नुसतं ससा-कासवाचं गणित नाही. १९८८ सालच्या मोटार शर्यतींच्या जागतिक स्पर्धेत, फॉर्म्युला वनमध्ये, अगदी हेच घडलं. ब्राझीलचा आयर्टन सेना आणि फ्रान्सचा अलेन प्रॉस्ट. दोघे एकाच संघात, मॅक्लारेनमध्ये. शर्यती १६. पहिल्याला ९ गुण आणि दुसऱ्याला ६. प्रॉस्टनं ७ शर्यती जिंकल्या आणि ७ वेळा तो दुसरा आला. करा बेरीज : ६३ अधिक ४२, १०५. सेनानं ८ जिंकल्या, पण त्याचे एकूण गुण झाले ९४. म्हणजे प्रॉस्ट ११ गुणांनी पुढे. आणि जगज्जेता ठरला सेना! कारण तेव्हाचा नियम होता, की १६पैकी उत्तम ११ शर्यतीच धरायच्या. प्रॉस्टच्या तीन दुसऱ्या क्रमांकांचे १८ गुण गळले, उरले ८७. सेनाचे उरले ९०. प्रॉस्टच्या चाहत्यांना किती हळहळ वाटली असेल! पण नियम मोसमाच्या आधीपासून पुस्तकात होता आणि तो दोघांनाही माहीत होता. पुढे १९९१पासून सगळ्या शर्यती धरायचं ठरलं. तरीही १९८८चा निकाल कुणी फिरवला नाही.

आपल्या क्रिकेटवेड्या मित्रांना यापेक्षा जवळचं उदाहरण आठवत असेल. १४ जुलै २०१९, लॉर्ड्स, विश्वचषकाचा अंतिम सामना. इंग्लंड २४१, न्यूझीलंड २४१. सुपर ओव्हर झाली, त्यातही दोघांच्या १५-१५ धावा. मग नियम बघितला : ज्याचे चौकार-षटकार जास्त तो विजेता. इंग्लंडचे २६, न्यूझीलंडचे १७. चषक इंग्लंडला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये क्रिकेटच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं हा नियम काढून टाकला. मला विचाराल तर नियम वाईट होता, निकाल मात्र बरोबर होता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या ठेवता येणं हेच वहीवाल्याचं खरं काम. नियम पटला नाही तर पुढच्या मोसमाच्या आधी बदला. चालू मोसमात, आपला भिडू हरतोय म्हणून? नाही!

आपल्या लीगसाठी कोणती पद्धत घ्यावी? मी वेळेच्या गुणांची घेईन आणि उत्तम तीन फेऱ्या धरीन. कारण शाळेतल्या मुलांना ताप येतो, मावशीचं लग्न निघतं, बाबांची बदली होते. एक फेरी चुकली म्हणून ज्याचा मोसम संपतो, तो उरलेल्या फेऱ्यांना येतच नाही, आणि मग लीगच सुकून जाते. पण या पद्धतीलाही एक खोट आहे, ती आधीच सांगतो. समजा एखाद्या फेरीला कुणाचा तरी एन.सी.सी.वाला दादा पाहुणा म्हणून आला आणि ३०च्या ठिकाणी २० मिनिटांत पळून गेला. सगळ्यांचे गुण त्याच्या वेळेशी तोलायचे म्हटलं, तर त्या फेरीत सगळ्यांचेच गुण एक तृतीयांशानं कमी! म्हणून वहीत लिहून टाका : पाहुण्याला टाळ्या द्यायच्या, चहा द्यायचा, पण त्याची वेळ लीगमध्ये धरायची नाही. आणि पाचवीतल्या मुलीला नववीतल्या मुलाशी तोलू नका. वयाप्रमाणे वेगळे गट आणि वेगळे मार्ग करा. इंग्लंडात मार्गांना रंगांची नावं असतात. पांढरा सर्वांत सोपा, मग पिवळा, मग नारिंगी. ती युक्ती आपणही उचलायला हरकत नाही.

आता एका माणसाचं काय करायचं ते बघा. ज्यानं मार्ग आखला, त्याला सगळी ठाणी ठाऊक. त्यामुळे त्या फेरीत त्याला धावता येत नाही. पहाटे उठून झेंडे लावायचे, दिवसभर उन्हात बसायचं, संध्याकाळी झेंडे काढायचे आणि वर गुण शून्य! असं असेल तर पुढच्या वेळी मार्ग आखायला कोण पुढं येईल? म्हणून अनेक देशांतल्या लीगमध्ये एक फार चांगला नियम असतो : मार्ग आखणाऱ्याला त्याच्या बाकीच्या फेऱ्यांच्या गुणांची सरासरी द्यायची. हा नियम अवश्य घ्या, आणि मार्ग आखायचं काम दर फेरीला वेगळ्याला द्या. जो नेहमी धावतो त्याला एकदा तरी शेवटच्या रेषेशी बसून घड्याळाकडे बघत वाट पाहू दे.

सुटण्याच्या क्रमाच्याही चिठ्ठ्या टाका. उशिरा सुटणाऱ्याला आधीच्यांनी तुडवलेलं गवत दिसतं, झुडपातून बाहेर येणारे मित्र दिसतात, आणि तो तेवढ्यानं वाट ओळखतो. ज्याची शर्यत संपली त्याचा नकाशा शेवटचा खेळाडू सुटेपर्यंत काढून घ्या. नाहीतर ‘भावा, चौथं ठाणं त्या चिंचेमागं हाय’ हे कानात सांगायला कितीसा वेळ लागतो?

आई-बाबांनो, हा भाग तुमच्यासाठीही आहे. वहीतला पहिला रकाना गुणांचा नसतो. पहिला रकाना असतो ‘किती वाजता सुटला’ आणि दुसरा ‘किती वाजता परत आला’. शर्यत पूर्ण होवो वा न होवो, ठाणं सापडो वा न सापडो, प्रत्येकानं शेवटच्या रेषेशी येऊन नाव सांगायचंच. कंटाळून परस्पर घरी गेलेला एक मुलगा म्हणजे अंधार पडेपर्यंत टेकडीवर हाका मारत फिरणारी दहा माणसं. म्हणून सगळीकडे हा नियम कडक असतो, आणि निकाल लावण्याआधी दोन्ही रकाने ताडून बघतात. वेळेचीही सीमा घाला. बागेत पाऊण तास, टेकडीवर दीड तास. तेवढा वेळ झाला की जिथं असाल तिथून परत. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी हवी, खांद्याला पाणी हवं. कुणी पाय मुरगळून बसलेला दिसला तर शर्यत सोडून त्याच्याजवळ थांबायचं. आणि थांबणाऱ्याला त्या फेरीचे सरासरी गुण द्यायचे, हेही आधीच लिहून ठेवायचं. लहान गटात दोघादोघांना जोडीनं पाठवलं तरी चालेल. वाटेत वाहनांचा रस्ता ओलांडावा लागणार नाही असाच मार्ग हवा. रंकाळ्याच्या पाण्यालगत ठाणं नको. संध्यामठ कितीही मोहात पाडो, तिथं झेंडा लावायचा नाही.

पन्हाळ्यावर तर फारच जपून. कोल्हापूरपासून वीसएक किलोमीटरवरचा हा गड नकाशा वाचायला शिकवणारा मोठा गुरू आहे. तीन दरवाजा, अंबरखाना, अंधारबाव, तबक उद्यान, प्रत्येक गोष्ट नकाशावर ठसठशीत दिसते. पण तटाकडेला आणि कड्याकडेला एकही ठाणं ठेवायचं नाही. नकाशावर तो भाग लाल रेघांनी आखून ‘बंद’ म्हणून लिहायचा, तिकडे गेलेला बाद. शिवाय २०२५ साली पन्हाळ्याचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं आहे. जुन्या बांधकामावर चढणं, दगडावर खडूनं खुणा करणं, झेंडे विसरून येणं, काही चालणार नाही. आधी परवानगी घ्या, मोठी माणसं बरोबर घ्या. आणि परतीच्या एस.टी.ची वेळही वहीत लिहा!

जाता जाता एक गणित देतो. मघाचंच ससा, कासव आणि मुंगीचं. समजा चौथ्या फेरीचा मार्ग मुंगीनं आखला होता. म्हणजे ती त्या दिवशी वाट चुकली नाही, कारण ती धावलीच नाही. आपल्या नियमानं तिला बाकीच्या तीन फेऱ्यांची सरासरी मिळाली, म्हणजे ८०. वेळेच्या पद्धतीनं चारही फेऱ्या धरल्या, तर तिचे झाले ३२०. आणि कासवाचे? तेही ३२०!

कासव म्हणतं, मी एक फेरी जिंकलो आहे, मुंगीनं एकही नाही. मुंगी म्हणते, आम्ही दोघं तीनदा समोरासमोर धावलो आणि तिन्ही वेळा मीच पुढं होते. ससा बाजूला बसून गाजर खातो आहे आणि मजा बघतो आहे. तुमच्या वहीत बरोबरीसाठी कोणता नियम लिहाल, आणि तोच का? पोस्टकार्डावर मावेल एवढ्यात लिहून पाठवा.